बोराटीचं कुंपण

“...मग मी जन्माला आलो तरी कशाला, बाबा?”

टेकडीवरच्या दर्ग्यात लालशा फकीर लिंबाखाली गोधडी टाचत बसले होते. पुढ्यात केरबा. खडकवाडीचा शेतकरी, वय तिशीच्या आत. चढणीनं धाप लागली होती, तरी बोलणं थांबत नव्हतं.

दोन वर्षं पावसानं दगा दिला. डाळिंबाची बाग वाळून गेली. आता मातीत राबण्यात जीव रमत नाही. आपल्या हातून काहीतरी मोठं व्हायचं असेल, असं त्याला वाटत होतं. काय, ते बाबांनी सांगायचं.

“विहीर आहे?” बाबांनी विचारलं.

“आहे तर. सगळ्या वाडीत माझ्याच विहिरीला पाणी आहे.” केरबाची मान जरा ताठ झाली.

“तरी बाग वाळली?”

“बागेला पुरेल एवढं नव्हतं.”

“आणि प्यायला?”

केरबानं उपरण्यानं तोंड पुसलं.

बाबा टाके घालत राहिले. “वाडी कुठलं पाणी पिते?”

“नदीत झिरे खोदलेत. लांब पडतं...”

“लांब का जातात?”

लिंबावर कावळा ओरडला. केरबानं खाली बघून मातीत रेघ ओढली, पुसली.

“विहिरीभोवती मी बोराटीचं कुंपण घातलं, बाबा. उन्हाळ्याच्या तोंडाला. बाग जगवायची होती.”

“लोक भांडले असतील.”

“नाही.” त्याचा आवाज खाली गेला. “कुणी शब्दानं बोललं नाही. आई गेल्यावर सगुणामावशीनं मला जेवू घातलंय. ती म्हातारीसुद्धा रोज घागर घेऊन दारावरून जाते. माझ्याकडं बघत नाही... शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.”

“बाग तर गेली. कुंपण?”

“...आहे.”

“का?”

केरबानं गुडघ्यांत तोंड घातलं.

“आता काढलं तर म्हणतील, बाग मेल्यावर याला दया सुचली.”

“म्हणतील,” बाबा म्हणाले.

त्यांनी सुई गोधडीत खोवली आणि कटोरा उचलला.

“चल. मला तहान लागलीय.”

“दर्ग्याचा रांजण भरलेला आहे की, बाबा!”

बाबा पायऱ्या उतरायला लागले होते.

विहिरीपाशी येऊन ते कुंपणाबाहेर उन्हात बसले. नदीकडं निघालेल्या बायका फकिराला बघून थबकल्या. मग केरबाला बघून घागरी कडेवर घेऊन तिथंच उभ्या राहिल्या.

केरबा त्यांच्याकडं पाठ करून काटे उपसू लागला. कोयता घरी होता. आणायला जावं तर बायकांसमोरून जावं लागलं असतं. त्यानं हातांनीच ओढलं.

वाट मोकळी झाली. कुणी पुढं येईना.

शेवटी सगुणामावशी आली. तिनं घागर विहिरीच्या काठावर टेकवली. तिच्यामागं एकेक घागर येऊन लागली.

केरबानं पोहरा सोडला. दोर ओढताना त्याला मान वर करवत नव्हती. दोराला रक्त लागत होतं.

“सावकाश, लेकरा,” मावशी म्हणाली. “काटे मोडलेत हातात.”

त्याच्या हातातून दोर सुटता सुटता राहिला. तिची घागर भरून होईपर्यंत तो रडत होता, आणि कुणी त्याच्याकडं बघत नव्हतं.

पुढचा पोहरा त्यानं वर काढला आणि तसाच बाबांकडं घेऊन गेला. बाबा आता घागरींच्या रांगेत, सगळ्यांच्या मागं बसले होते. समोर रिकामा कटोरा.

“बाबा, आधी तुम्ही घ्या.”

बाबांनी कटोऱ्यावर हात ठेवला.

“माझा नंबर शेवटचा.”

केरबा पोहरा धरून उभाच राहिला. त्याचे ओठ कोरडे पडले होते.

“आणि... माझा?”

“माझ्यामागं.”