वज्रसेनाची उंची आणि भाटाचे कान

एका राज्यात वज्रसेन नावाचा राजा होता. नाव वज्रसेन, पण उंची बेताचीच. त्याच्या उंचीचा विषय कोणी काढत नसे, कारण काढणाऱ्याची धडगत नसे. दरबारात रायभान नावाचा भाट होता. राजाची स्तुती करणे हेच त्याचे काम, आणि त्यात तो हातचे राखून कधी बोलत नसे.

एके दिवशी रायभान गरजला, "महाराज या राज्यातल्या प्रत्येक माणसाहून उंच आहेत!"

दारात एक मांत्रिक उभा होता. खोटी स्तुती त्याला मुळीच खपत नसे. त्याने विचारले, "प्रत्येक माणसाहून?"

"प्रत्येक!"

"तथास्तु," म्हणून मांत्रिक दिसेनासा झाला.

राजा वाढू लागला. दुपारपर्यंत तो साऱ्या प्रजेहून उंच झाला. पण राजाही त्याच राज्यातला माणूस! म्हणून त्याला स्वतःहूनही उंच व्हावे लागले, आणि तेवढा झाला की पुन्हा त्याहून उंच. हे काही थांबेना. संध्याकाळी डोके छप्पर फोडून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी कानात पारवे घुमू लागले.

वरून आज्ञा आली, "भाटा, उद्या सूर्यास्तापर्यंत हे उतरव. नाहीतर तुझे डोके उतरेल."

रायभान रडत रडत अरण्यात गेला. मांत्रिकाची झोपडी बंद होती. दारावर एक भारद्वाज बसला होता.

पक्षी म्हणाला, "उतारा माझ्याकडे आहे. तीन तुलना कर. खऱ्या हव्यात. सारख्याशी सारखे लावलेले हवे. चुकलास तर कान वाढेल. पहिली माझ्या शेपटीची."

"आपली शेपटी मोराहून लांब आहे!"

"एकीकडे शेपटी आणि दुसरीकडे अख्खा मोर?" भारद्वाज म्हणाला. रायभानचा डावा कान वीतभर वाढला.

"आपली शेपटी... चिमणीच्या शेपटीहून लांब आहे."

"खरे. आता डोळे."

"आपले डोळे माझ्या डोळ्यांहून लाल आहेत."

"खरे. तिसरी महाराजांच्या उंचीची. त्यांच्यासमोर कर. आणि ती त्यांना स्वतःच्या तोंडाने मान्य करावी लागेल."

 पक्ष्याला पागोट्यावर घेऊन रायभान परत आला आणि बांबूच्या परांचीवर चढत राजाच्या कानाशी पोहोचला. सूर्य कलला होता. पक्ष्याच्या साऱ्या अटी त्याने राजाला सांगितल्या.

"महाराज, शापाआधी आपली उंची पागेत घोडे राखणाऱ्या येसूच्या उंचीहून कमी होती."

खाली दरबारी खांबांआड सरकले.

"किती कमी?" राजाने विचारले.

"चार बोटे," रायभान म्हणाला, आणि त्याचा उजवा कान लोंबत खांद्याला टेकला.

राजाने तो कान पाहिला. वर गार वारा होता. दोन दिवस राणीचा चेहरा दिसला नव्हता, आणि राजाला तिची फार आठवण येत होती.

"सहा," राजा हळूच म्हणाला. "येसू घोड्याला खरारा करत होती, तेव्हा गुपचूप मागे उभा राहून मी मोजली आहेत."

त्याबरोबर शाप सुटला. राजा भराभर उतरला, पारवे उडाले, छप्पर सांधले गेले, भाटाचे कान जागेवर आले. राजाने आधी राणीला डोळे भरून पाहिले. मग येसूला बोलावणे धाडले, जोडे काढले, आणि भर दरबारात तिच्या शेजारी उभा राहिला. येसू बिचारी घाबरून गुडघ्यांत वाकली.

"येसूबाई," राजा म्हणाला, "ताठ उभ्या राहा."

जसा राजा आपल्या मापाला आला, तसे सगळेच येवोत.