सात झग्यांच्या आतलं बाळ

कुणाच्याही पणजीला नेमकं साल सांगता येणार नाही, इतकी जुनी ही गोष्ट आहे. समुद्र आणि केळीच्या वाड्या यांच्या मधोमध एक ख्रिस्ती गाव होतं. गावच्या चर्चमध्ये बाळ येशूची मूर्ती होती, लाकडाची, हातभर उंचीची. डोक्यावर मुकुट, अंगात जरीचा झगा.

या बाळावर गावाचा फार जीव. नवस फेडायला दोन-चार वर्षांनी कुणी ना कुणी नवा झगा शिवून आणायचं. पण जुना काढायचा धीर कुणाला होत नसे. देवाला उघडं कसं करायचं? मग जुन्यावरच नवा चढायचा. बाळ दर झग्यागणिक थोडं गुबगुबीत दिसायचं, आणि माणसं कौतुकानं म्हणायची, "बघा, बाळ कसं अंग धरतंय!"

बाळ येशूच्या सणाच्या आधी नऊ दिवस बाळ नऊ घरी पाहुणं जायचं. कुणाच्या घरी, ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. नियम एकच. गुडघे टेकायचे, मेणबत्ती लावायची, काय मागायचं ते मागायचं. पण मूर्तीला हात लावायचा नाही. तो मान फक्त चर्चची किल्ली सांभाळणाऱ्या फिलूमावशीचा.

त्याच गावात सांतान राहायची. गावातल्या तान्ह्या बाळांना तेल लावून न्हाऊ घालायचं, हे तिचं काम. तशी ती मुलखाची भित्री. दारामागून मांजर निघालं तरी दचकायची. पोरं मुद्दाम तिच्या मागे जाऊन शिंकायची. पण पायांवर बाळ घेतलं, की तिचे हात कसे शांत चालायचे! रडून लाल झालेलं पोरसुद्धा तिच्या हाताखाली डुलक्या घ्यायचं.

आणि मग एक दिवस एक ओलं बाळ तिच्या हातून निसटलं. तिनं ते गुडघ्यांच्या बेचक्यात झेललं. बाळाला साधं खरचटलंसुद्धा नाही. त्यानं जांभई दिली आणि ते झोपून गेलं.

पण सांतानची झोप त्या दिवसापासून उडाली. बाळ समोर दिसलं, की तिचे हात थरथरायचे. तिनं एकेक घर सोडलं. "अंगात कसकस आहे," म्हणायची. "पाठ धरलीय," म्हणायची. शेवटी लोकांनी तिला बोलवायचंच सोडलं.

शेजारची ब्रिजीत मात्र ऐकेना. तिचे दिवस भरत आले होते.

"माझ्या बाळाला तूच न्हाऊ घालायचंस," ती म्हणाली.

"अगं, हात बघ माझे! दुसरी कुणी बघ बाई."

"मला आई नाही, सांतान. असती तर तुला त्रास दिला नसता."

घरी येऊन सांताननं आपले दोन्ही हात पदरात गुंडाळून ठेवले, जसे काही ते कुणा दुसऱ्याचे होते.

त्या वर्षी चिठ्ठी निघाली ती नेमकी तिच्या नावाची. आठवा दिवस. सांतानला वाटलं, आता सुटले! आता बाळ येशूला एवढंच सांगायचं, माझ्या हातांचं कापणं थांबव. हे मागणं तिनं आठ दिवस घोकलं.

आठव्या दिवशी सकाळी फिलूमावशीनं मूर्ती तिच्या चौरंगावर ठेवली आणि बोट उगारलं. "सांतान, तुझे हात आहेत असे. लांबूनच प्रार्थना कर हो!"

"हो मावशी," सांतान म्हणाली आणि दार लागल्याच्या आवाजानंही दचकली.

तिनं गुडघे टेकले. हात जोडले. "बाळ येशू, माझ्या हातांचं..."

तेवढ्यात तिची नजर वर गेली. बाळाच्या गालावर मेणबत्त्यांची काजळी बसली होती. नाकाखाली तर मिशीच उमटली होती. कानाच्या वळीत कोळिष्टक होतं. आणि बाहेर एवढं उकडत असताना हे लेकरू गळ्यापर्यंत जरीत कोंबलेलं!

"अगं बाई, कुणी रे तुला इतकं गुंडाळलं?" ती बोलून गेली.

पुढे काय झालं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. मुकुट फळीवर गेला. एक झगा निघाला, त्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा. असे सात निघाले. सातव्याच्या आत होतं एक एवढंसं, वाळलेलं, करड्या लाकडाचं अंग. मानेपासून छातीपर्यंत एक चीर गेलेली.

"किती सुकलास रे," सांतान पुटपुटली.

ती भिंतीला टेकून बसली, पाय लांब केले आणि बाळाला पायांवर घेतलं. नाळ न पडलेल्या लेकराला पुसतात, तसं कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्यानं तिनं त्याला पुसलं. कान, हनुवटी, बोटांच्या बेचक्या. मग वाटीत खोबरेल कोमट केलं आणि लावायला घेतलं. लाकूड तेल पीत होतं, ती लावत होती आणि तोंडानं तान्ह्यांशी बोलायचं ते सगळं बोलत होती. "हा बघ हात, हा बघ पाय, कुठे निघाली स्वारी?" वाटी रिकामी झाली, तिनं दुसरी घेतली. शेवटी धुवट मऊ लुगड्याच्या तुकड्यात त्याला गुंडाळून ती मांडीवर घेऊन बसली. बाहेर दुपार कलली, तरी तिला पत्ता नव्हता.

संध्याकाळी गाव माळेची प्रार्थना म्हणायला आलं. फिलूमावशी सगळ्यांच्या पुढे. आत पाऊल टाकलं आणि ती किंचाळली.

"देवाला नागवं केलंस! मुकुट फळीवर? मिठाच्या बरणीशेजारी?"

सांतान भानावर आली. दारात गाव उभं होतं. मांडीवर देव होता. आणि शेजारच्या फडक्यावर बाळाच्या ओठांचा थोडा लाल रंग उतरला होता. फडकं पटकन पदराखाली घेता आलं असतं. तिनं ते उचललं आणि गर्दीतून पुढे आलेल्या म्हाताऱ्या फादरांसमोर धरलं.

"फादर, मी हात लावला. हा रंग माझ्याच हातून गेला. पण त्याच्या नाकाखाली काजळी होती हो. तान्ह्या लेकराला असं कुणी ठेवतं का?"

फादरांनी फडकं पाहिलं. "तान्ह्या लेकरांचे ओठ एवढे लाल असतात तरी कुठे?" ते म्हणाले, आणि मागच्या बाजूला कुणीतरी खुदकन हसलं.

गावचा म्हातारा सुतार पुढे झाला. त्यानं मूर्तीच्या छातीवरून अंगठा फिरवला, आणि नखानं ती चीर चाचपली.

"लाकूड तहानलेलं होतं," तो म्हणाला. "आणखी एक उन्हाळा गेला असता, तर बाळाचे उभे दोन तुकडे झाले असते. आपण वरून जरीचे झगे चढवत राहिलो. आत कुणी पाहिलंच नाही."

फिलूमावशी खाली बसली. हातातली किल्ली तिनं मांडीवर ठेवली. "मी तर वीस वर्षं सांभाळतेय," ती हळूच म्हणाली. सांतान सरकली आणि तिनं बाळ मावशीच्या हातांत दिलं. "मानेखाली हात धर मावशी. हं, असा."

फादरांनी विचारलं, "बाय, तू मागितलंस काय?"

सांताननं तोंडावर हात ठेवला. "मागायचं राहूनच गेलं, फादर! आठ दिवस पाठ केलं होतं."

सण पार पडला. तिसऱ्या दिवशी ब्रिजीतला मुलगी झाली. सांतान गेली. पाय लांब करून बसली. ओली, लालबुंद, हातपाय झाडणारी पोर पायांवर आली, तसे सांतानचे हात कापायला लागले. ब्रिजीत खाटेवरून बघत होती.

पोरीच्या कानाच्या वळीत पांढरा चिकटा राहिला होता. "अगं बाई, हे कुणी पुसलंच नाही वाटतं," म्हणत सांतान वाकली. मग हनुवटी, मग बोटांच्या बेचक्या. पोर डुलक्या घ्यायला लागली, तेव्हा कुठे तिला आठवलं, की आपण हातांकडे बघायचंच विसरलो.

पुढे त्या गावात रीत पडली. सणाच्या आधी बाळ येशूचे झगे उतरतात, त्याला तेल लागतं, आणि जास्तीचे झगे उसवून गावातल्या तान्ह्यांची अंगडी शिवतात. गुबगुबीत बाळ पुन्हा एवढंसं झालं. पण त्याला मांडीवर घ्यायला आता कुणी भीत नाही.

तात्पर्य: लेकरू समजून देवाला जवळ घेतलं, की आपल्या भीतीकडे बघायला आपल्याला सवडच उरत नाही.