मुख नसलेला पतंग

पूर्वी कृतयुगात, देव वर देताना पुढचा विचार करण्याची फारशी तसदी घेत नसत तेव्हा, धूम्रकेश नावाच्या असुराने ब्रह्मदेवाकडून वर मिळवला: ज्याला मुख आहे, त्याने धूम्रकेशाच्या प्रश्नाचे खरे उत्तर दिलेच पाहिजे. उत्तर मिळाले नाही, तर असुराचेच मस्तक फुटेल. मुखच नसलेला असा कोण भेटणार, म्हणून असुराने ही अट हसत मान्य केली.

दडून बसलेले राजे त्याने असे विचारत विचारत शोधले आणि मारले. उरला राणी मंदारवतीचा तान्हा पुत्र. राणी धौतमूल ऋषींच्या आश्रमात पोचली आणि मूर्च्छित पडली. तेथे दोन गंधर्वबंधू सेवेला होते. धाकटा सुवर्चस मध चाखायला गेला होता. थोरल्या निवाताने बाळ उचलून वडाच्या ढोलीत लपवले.

तोच अरण्य हादरू लागले. निवात ध्यानस्थ ऋषींच्या पायांवर कोसळला.

"गुरुदेव, बाळ कुठे आहे ते मला एकट्याला ठाऊक आहे. माझे मुख काढून घ्या!"

"वेड्या, मुखाबरोबर अन्नही जाईल. चार दिवस जगशील. आणि दिलेला शाप मला मागे घेता येत नाही."

"त्वरा करा. तो कुंपणाशी आला!"

ऋषींनी कमंडलूतले पाणी शिंपडले आणि निवाताचे मुख नाहीसे झाले.

"मुने, बाळ कुठे आहे?" धूम्रकेश गरजला.

"माझे नेत्र मिटलेले होते."

असुर नुकत्याच परतलेल्या सुवर्चसाकडे वळला. "तू सांग!"

"मी मध खात होतो, महाराज. आमच्या दादाला विचारा ना, त्याला सगळे ठाऊक असते."

असुराने निवाताची मान धरली. "बोल!"

ढोलीत बाळ कुरकुरले. असुराने कान टवकारले, एक पाऊल वडाकडे टाकले, आणि त्याच क्षणी त्याचे मस्तक फुटले.

शाप मागे घेता येईना, निदान चार दिवस उडता यावे म्हणून ऋषींनी निवाताला चंद्रासारख्या फिकट हिरव्या पंखांचा पतंग केले. "मलाही पंख द्या," सुवर्चस म्हणाला, "पण तोंडासकट." तो फुलपाखरू झाला.

पुढे राजपुत्र सिंहासनावर बसला आणि आपल्याला कोणी वाचवले याची चौकशी करू लागला. ऋषी पुन्हा ध्यानात होते. निवाताचे चार दिवस केव्हाच सरले होते, त्याचे मोजके वंशजही मुखाविनाच जन्मले होते. फुलपाखराने मात्र सारी हकीकत आपल्या सोयीने सविस्तर सांगितली.

राजाने आपल्या ध्वजावर फुलपाखरू काढले.