आवाजी मतदानाची नोंद

उत्तर न देता नुसतं हसून प्रश्न टोलवायची कला आमदार विश्वंभरराव धोंडगे यांनी तीन निवडणुकांत पक्की घोटली होती. त्या दिवशी महिला आरोग्य मेळाव्यात ते व्यासपीठावर पत्नीच्या, वत्सलाबाईंच्या, शेजारी ऐसपैस बसले होते. तेवढ्यात गावची आशा सेविका कौसल्या खिलारे उभी राहिली.

“साहेब, माझी जाऊ छातीत दुखतं म्हणून दवाखान्यात गेली. तिथं ईसीजीचं मशीन नाही. पित्ताची गोळी देऊन घरी पाठवली, संध्याकाळी ती गेली. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला मशीन द्यायचा ठराव विधानसभेत पडला, तेव्हा तुम्ही ‘होय’ म्हणालात की ‘नाही’?”

विश्वंभरराव गालात हसले. “अहो ताई, ते आवाजी मतदान होतं. कोण काय म्हणालं, याची नोंद राहत नसते.”

कौसल्या मांडवाकडे वळली. “मग बायांनो, आपणही आवाजीच घेऊ. छातीत दुखलं आणि पित्त म्हणून जिची बोळवण झाली, तिनं ‘होय’ म्हणायचं.”

“होय!” मांडव दणाणला.

विश्वंभररावांचं हसू मावळलं, पण ते त्या गजरानं नव्हे. एक ‘होय’ अगदी त्यांच्या कानाशी उमटला होता.

ते चमकून पत्नीकडे वळले. “तुला? कधी? मला सांगितलं नाहीस!”

समोरचा माईक चालूच होता.

“चारदा सांगितलं की तुम्हाला,” वत्सलाबाई म्हणाल्या. “पण आवाजीच सांगितलं ना, नोंद राहिली नसेल.”