रंगरावाच्या भाराचा गूळ

"मग बोल, हाय हिंमत?" गुलाबशा फकिरानं विचारलं.

आता शहाणा माणूस म्हणला असता, बघू. पण रंगराव खराडे पडला जुना कबड्डीचा गडी. असल्या गड्याला हिंमत विचारली की त्याची जीभ डोक्याला विचारायला थांबत नाही.

"हाय म्हणजे? बसतोच!"

शब्द सुटला आणि रंगरावच्या पोटात गोळा आला. जागा भरपूर होती, गोळा पण मोठाच आला.

बसायचं कुठं? तर येत्या गुरुवारी, माळावरच्या पिराच्या चिंचेखाली, सगळ्या गावासमोर... तराजूच्या पारड्यात.

नवस आईचा होता. रंगरावला कावीळ झाली तेव्हा डॉक्टरनी नुसती मान हलवली. सोनाबाईनं पिराला हात जोडले. "माझं लेकरू उठू दे. त्याच्या भाराएवढा गूळ पोरांना वाटीन. तवर मी गुळाला शिवणार न्हाई."

लेकरू तेव्हा चाळीस वर्षांचं. पण उठलं.

आणि सोनाबाई अजून अगोड चहा पीत होती. होळीला सगळ्यांना पोळ्या वाढायची, आपण आमटी-भात खायची. कारण लेकराला पारड्यात बसायची लाज वाटत होती.

"बाबा," रंगराव म्हणाला, "दिवाळीपर्यंत थांबलो तर? तवर बारीक हुतो की."

"गेल्या दिवाळीला कुठल्या दिवाळीचं म्हणला हुतास?"

रंगरावनं सदरा पोटावरनं खाली ओढला.

गुलाबशा म्हणजे नुसती काठी. काठीला हिरवी कफनी चढवली, वर दाढी चिकटवली की झाला गुलाबशा. त्याच्यासमोर रंगराव मांडी घालून बसला होता. म्हणजे घालायला बघत होता. पोट मधी यायचं.

"तुमास्नी काय कळणार, बाबा. तुमाला पोटच न्हाई."

"न्हाई खरं. मला बी एकदा पारड्यात बसवलं हुतं..." गुलाबशानं दाढी खाजवली. "निम्मी पोरं रडत घरी गेली."

रंगराव हसला, पण हसताना पोट हललं तसा थांबला.

खताचं दुकान काढल्यापासनं त्याचं सगळं गल्ल्यावर चालायचं. गिऱ्हाईक आलं की भजी, गेलं की भजी. शेतकरी पाऊस नाही म्हणून रडायला आला, तरी त्याच्यासंगट भजी. अंग वाढलं आणि जगाला तोंड फुटलं. मेहुणीनं भर पंगतीत विचारलं, "दाजी, कितवा लागला?" लग्नातला फोटोवाला म्हणाला, "पाव्हणं, पोट आत घ्या... अजून... अजून जरा." मोबाईल उघडावा तर त्यात ज्याच्या त्याच्या पोटावर फरशी बसवलेली. रंगराव ते बघायचा, मग सदरा वर करून आरशात बघायचा, मग आरशावर टॉवेल टाकायचा.

"लोक तुला चांगलं कवा म्हणले, रंगा?"

ह्याला विचार करावा लागला नाही. "कावीळ झाली तवा! उठलो तर जो तो म्हणतोय, काय फिट दिसतोस! काय करतोस, सांग की आमाला बी."

"मग? सांगितलंस?"

"काय सांगू? मरायला टेकलो हुतो म्हणून?"

...

"परत तसं व्हायचंय?"

रंगराव "व्हय" म्हणायला गेला. तोंड उघडलं. तसंच मिटलं.

"गुरुवारी ये," गुलाबशा म्हणाला.

मग काय, आठवडाभर रंगरावनं जीव मारला. भजी बंद. भाकरी बंद. आई ताट वाढायची, हा काकडी चघळत भिंतीकडं बघायचा. दुकानाचं शटर ओढून रोज खताच्या काट्यावर उभा राहायचा. पहिल्या दिवशी हिशेब केला, पाच किलोची एक ढेप धरली तर अठरा ढेपा. गुरुवारी सकाळी परत चढला. सतरा! एका ढेपेसाठी एवढा आनंद आख्ख्या गुऱ्हाळाच्या मालकाला पण झाला नसेल.

डोळ्यांपुढं काजवे चमकत होते, पण गडी माळ चढला.

चिंचेच्या फांदीला गुऱ्हाळातला थोरला तराजू टांगलेला. गुळाची गाडी उभी. आणि पोरं! आपल्या गावची, वाडीवरची, ऊसतोडीला आलेल्यांची... कुणी बोलावली कुणाला ठाऊक. गुळाला मुंग्या पण एवढ्या लागत नाहीत.

रंगराव पारड्यात बसला. पारडं धाडकन जमिनीला टेकलं.

"हो ऽऽऽ!" पोरं ओरडली.

गुलाबशा लांब कफनी सावरत त्याच्या पारड्याला खेटून उभा राहिला. पडलाच तर धरायला असणार, असं सगळ्यांना वाटलं.

सोनाबाई गाडीतनं ढेपा देत होती, एक गडी पलीकडच्या पारड्यात रचत होता, आणि पोरं मोजत होती. पंधरा. सोळा. रंगरावनं श्वास आत ओढला. ओढून वजन कमी होत नाही, पण सवय.

"सतरा!"

आता उचलणार...

उचललं नाही.

"अठरा!"

रंगरावला घाम फुटला. आठवडाभराच्या काकड्या गेल्या कुठं?

"ए! मागं लोंबकाळतंय कोण?" तो खेकसला.

पुढचे दोन दात पडलेली एक पोरगी उभी होती. ती वाकून सगळीकडनं बघून आली. "कोन न्हाई काका. तुमीच हाय!"

माळ हसला. रंगरावचे कान तापले.

"एकोणीस!"

"अजून! अजून!" पोरं नाचायला लागली. रंगरावला मात्र मेहुणीच ऐकू येत होती. फोटोवाला ऐकू येत होता. त्यानं पारड्याची साखळी धरली. उठायचं आणि सरळ घरचा रस्ता. नवस गेला उडत.

"घाला अजून," कुणीतरी म्हणालं.

आई होती. ढेप छातीशी धरून पुढं आली होती. हसत नव्हती. त्या दात पडलेल्या पोरीला सांगत होती...

"काविळीच्या टायमाला रिक्षा खाली उताराला थांबली हुती, बया. तितनं वर पिराकडं ह्याला मी पाठीवर आणलावता. वजनच न्हवतं. चालता चालता मागं हात लावून बघत हुते... हाय का पडलाय वाटंत."

रंगरावला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याला त्या दिवसाची शुद्धच नव्हती.

सोनाबाईनं ढेप आपल्या हातानं ठेवली. पारड्याकडं बघितलं. जमिनीलाच होतं. तिनं त्या दिवशीसारखाच पाठीमागं हात नेला, मग तो पदरानं पुसला, आणि अशी हसली की तोंडातले उरलेले सगळे दात दिसले.

"वीस!" पोरं ओरडली. "अजून! अजून!"

रंगरावनं साखळी सोडली. नीट मांडी घातली. पोट मधी आलं... येऊ दे म्हणला.

"घाल की आई," तो म्हणाला. "पोरं सांगत्यात न्हवं?"

एकविसावी पडली. गुलाबशाला खोकला आला, खोकत खोकत तो बाजूला झाला... आणि पारडं असं सुटलं की रंगराव हवेत! चिंचेचा पाला डोक्याला लागला. कबड्डीचा गडी लहान पोरागत "आई गं!" म्हणून किंचाळला. पोरांनी माळ डोक्यावर घेतला.

मग कोयत्यानं ढेपा फुटल्या. ज्याच्या त्याच्या गालाला गालगुंड. दात पडलेल्या पोरीनं फ्रॉकचा ओचा भरला, जाता जाता म्हणाली, "काका, फुडच्या वर्सी परत आजारी पडा." तिच्या आईनं तिला एक धपाटा दिला.

रंगरावनं पहिला खडा आईच्या तोंडात ठेवला. सोनाबाईनं तो चावला नाही. डोळे मिटून नुसता धरला.

...

उन्हं कलली. पोरं पांगली. आई पिराच्या मजारीपुढं माथा टेकून बसली होती, उठायचं नावच घेत नव्हती. रंगराव गूळ खात गुलाबशाशेजारी येऊन टेकला. सदरा पोटावर चढला होता. खाली ओढायचं त्याच्या ध्यानातच आलं नाही.

"बाबा."

"हूं."

"तुमी जबरदस्ती केली, बरं झालं. आईचं तोंड गोड झालं. लई उपकार झालं."

"पिराचे मान. माझे कशाला."

"त्येचं बी मानतो. पण एक सांगा... दुकानच्या काट्यावर मी सतरा ढेपा भरलो. हितं एकवीस. कुठला काटा खोटा?"

गुलाबशा बोटं चाटत होता. एक चाटलं. दुसरं चाटलं.

"दोन्ही खरे."

"असं कसं? पोरं लोंबकाळली म्हणावं, तर पोरं समोर हुती. गडी तिकडं. माझ्या मागं तर तुमीच..."

रंगराव त्या लांब कफनीकडं बघायला लागला.

...

गुलाबशानं चोरागत इकडंतिकडं बघितलं. मग कफनी घोट्यापर्यंत उचलून पाय उलटा केला. तळपायावर पारड्याच्या कडेचा लालभडक वळ उठला होता.

"माझा पाय हुता," तो म्हणाला.

"बाबा!" रंगरावच्या तोंडातला गूळ पडायला आला. "पिराच्या दारात? आनि कशापायी?"

गुलाबशानं शेवटचं बोट चाटलं.

"पोरं लई आली हुती, रंगा... आनि तू उपाशी आलास."