कुंदाकाकूंची विश्वासू मेणबत्ती

वीज स्वतःच्या मर्जीने यायची-जायची, त्या काळातली ही गोष्ट. एका तिन्हीसांजेला दिवे गेले. कुंदाकाकूंनी श्रीखंडाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डब्यावर मेणबत्ती चिकटवली, डबा खिडकीत ठेवला आणि त्या हळदीकुंकवाला निघाल्या.

"काकू, तिला विझवून जा," कोपऱ्यातला पाण्याचा हंडा म्हणाला.

"दिवेलागणीला ज्योत विझवतात का कुणी? अवदसा येते घरात!" असं म्हणून काकू कुलूप लावून गेल्या.

मेणबत्ती फुगली. "पाहिलंस? सगळं घर माझ्यावर सोपवून गेल्या. तुझ्यावर काय सोपवलंय? तांदूळ धुणं!"

"अगं, पडदा तुझ्याकडे झुकतोय."

"झुकणारच. मोठ्यांपुढे सगळेच झुकतात."

वारा आला, पडदा आणखी अदबीने झुकला आणि पेटला. डबा वितळला, मेणबत्ती आडवी झाली. हंडा काठोकाठ भरलेला होता, पण जागचा हलणार कसा? शेजाऱ्यांनी कुलूप तोडून त्याला आगीवर ओतलं, तोवर काकूंच्या कपाटाचा आणि त्यातल्या शालूंचा कोळसा झाला होता.

"मेली मेणबत्तीच अपशकुनी निघाली!" काकू म्हणाल्या. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा दिवे गेले. काकूंनी नवा डबा शोधला, त्याच जळक्या खिडकीत नवी मेणबत्ती लावली आणि शेजारणींना आगीची हकीकत सांगायला निघून गेल्या.

"आधीची कुठे गेली?" नव्या मेणबत्तीने हंड्याला विचारलं.

"तीही काकूंच्या फार विश्वासातली होती," हंडा म्हणाला. त्याला कालपासून कुणी भरलं नव्हतं.