पाणकावळ्याने आणलेली बातमी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या नदीवर पूल बांधायचं अजून कुणाला सुचलंही नव्हतं. घाटावर दोन नावाडी होते. एक जुना, वीस वर्षं वल्हं मारणारा. दुसरा नवा, दोनच वर्षांपूर्वी आलेला.

नव्याचा जम बसला आणि जुन्याच्या पोटात दुखायला लागलं. जुन्याची नाव रिकामी उभी असली तरी लोक पायरीवर बसून राहायचे. "त्याची नाव येऊ दे," म्हणायचे. एकदा तर त्याची स्वतःची बायको माहेराहून परतली ती नव्याच्या नावेतून. उतरताना वर म्हणाली, "काही म्हणा, त्याच्या नावेत पोटातलं पाणी हलत नाही हो!" त्या दिवशी जुन्याला जेवण गेलं नाही.

अशात एका दुपारी एक पाणकावळा त्याच्या नावेच्या टोकावर येऊन बसला.

"कळलं का? नव्याच्या नावेची तळाची फळी कुजली आहे म्हणे."

"तू पाहिलीस?"

"मी कशाला पाहतोय? मासे म्हणाले."

"मासे तुझ्याशी बोलतात?"

"गिळायच्या आधी थोडं बोलतात की! सोडून देईन या आशेनं बिचारे वाटेल ते सांगतात."

जुना हसला. नव्याची नाव दहा पावलांवर वाळूत आडवी करून ठेवली होती आणि नवा जेवायला गेला होता. जाऊन फळीवर मूठ आपटली असती, तर खरंखोटं तिथल्या तिथे कळलं असतं. जुन्याने एक पाऊल टाकलंही. मग मनात आलं, फळी धड निघाली तर? इतकी गोड बातमी हातची जायची! तो तसाच मागे वळला.

संध्याकाळपर्यंत त्याने ती चौघांना सांगितली. खोटं तो बोललाच नाही हं! प्रत्येकाला एवढंच म्हणाला, "मी आपलं कानावर आलं ते सांगतो. तुम्ही सांभाळून असा." चौघांचे चाळीस व्हायला कितीसा वेळ लागतो? आठवड्याभरात नव्याची नाव ओस पडली. "या, फळी बघून जा," म्हणत नवा घाटभर फिरला, पण बघायला कुणीच गेलं नाही. त्याचा उतरलेला चेहरा पाहून जुन्याला दोन घास जास्त जाऊ लागले.

मग पलीकडच्या तीरावरच्या देवीची जत्रा आली. सारा गाव जुन्याच्याच नावेकडे लोटला. दहा माणसांच्या नावेत वीस चढली. शेवटी बायको चिमुरड्या लेकीला कडेवर घेऊन चढली. आता बस, असं जुन्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण समोर रिकाम्या नावेत नवा बसला होता आणि त्याच्यादेखत एकालाही परत पाठवायला जुन्याचं मन होईना.

ऐन मध्यावर नाव कलली, पाणी आत आलं आणि ती उलटली. माणसं तिच्या पाठीला धरून लोंबकळू लागली. नवा जीव खाऊन वल्ही मारत आला. त्याने हात पुढे केला, पण तो कुणी धरीना! जुन्याच्या बायकोने एका हाताने लेकीला पाण्यावर धरलं होतं आणि ती मान हलवत ओरडत होती, "नको! त्या नावेची फळी कुजलीय. ह्यांनीच सांगितलंय!"

जुन्याच्या काळजाचं पाणी झालं.

"अगं, चढ!" तो किंचाळला. "मी ती फळी कधी पाहिलीच नाही! मला बघायचीच नव्हती! जळत होतो मी त्याच्यावर. चढ, आधी पोरीला दे!"

बायकोने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि लेक नव्याच्या हातात दिली. दोन खेपांत सगळे काठाला लागले. नव्याच्या नावेत थेंबभरसुद्धा पाणी आलं नव्हतं.

माणसं वाचली. पण त्यानंतर "आज पाण्याला ओढ आहे, जाऊ नका," असं जुन्याने खरं सांगितलं, तरी लोक नव्याला विचारून खात्री करायचे. त्याची बायकोसुद्धा.

म्हणून, मुलांनो आणि मुलांच्या आजोबांनो, ऐकलेलं खरं आहे का हे पाहायला ज्याचं पाऊल उचलत नाही, त्याने ते दुसऱ्याला सांगायला तोंड उघडू नये.